कडेवर

बरणी फुटली तेव्हा आस्याचा हात अजून हवेतच होता, बोटं अलगद उघडलेली. चेरीचा मुरांबा फरशीवर पसरत चालला.

"फोड, फोड! अजून दोन उरल्यात फडताळात," सासूबाई तमारा ल्वोव्हना फडकं घेऊन धावल्या. "बरणी हवेत ठेवून चमचा शोधत होतीस ना? अगं, घर आहे हे. इथे वस्तू टेबलावर ठेवतात."

तिचा नवरा ग्लेब हसला. आस्याला हसू आलं नाही. तिने आधी मुलगा कुठे आहे ते पाहिलं. चार वर्षांचा तिशा दाराशी अनवाणी उभा होता. काचा त्याच्या पायांपासून लांब होत्या.

सहा महिने ती पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकात राहून आली होती. तिथेही पृथ्वीची ओढ होतीच. फक्त माणसं, चमचे, भिंती, सगळं बरोबरच पडत असायचं, म्हणून काहीच पडताना दिसत नसे. हातातली वस्तू सोडली की ती शेजारी तरंगत राही, हवी तेव्हा परत घ्यायची. आता तीन आठवडे झाले होते परत येऊन. डोक्याला समजावता येत होतं. हात मात्र विचारायला थांबत नव्हते.

म्हणून घरी आल्यापासून तिने तिशाला उचललं नव्हतं. गालिच्यावर बसून त्याच्याशी खेळायची, मांडीवर घ्यायची, कुशीत घेऊन झोपवायची. जमिनीपासून वर मात्र नाही. तो हात उंचावून समोर उभा राहिला की तिला नेमकी त्याच्या बुटाची नाडी बांधायचं सुचायचं. अलीकडे त्याने हात उंचावणं सोडून दिलं होतं. तिला हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली होती.

"डॉक्टर हो म्हणालेत," ग्लेब हळूच म्हणाला. "घे ना त्याला एकदा. एवढंसं तर पोर."

"उद्या."

"रोजच उद्या. पाडशील असं वाटतं तुला?"

"आत्ता बघितलंस ना काय झालं?"

"ती बरणी होती, आस्या."

"हाताला काय कळतंय बरणी का पोर!"

काचा गोळा करता करता सासूबाई पुटपुटल्या, "रॉकेटात बसताना नाही घाबरली बाईसाहेब. आणि आता पोटच्या पोराला घाबरते."

आस्या दाराकडे बघत होती. तिशा तिथे नव्हता.

ती भिंतीचा आधार घेत उठली. वळताना अजूनही जमीन कलल्यासारखी वाटायची. ग्लेब मागून आला. तिशाच्या खोलीत भिंतीला लाकडी दांड्यांची शिडी ठोकलेली होती, थेट छतापर्यंत. मॉस्कोबाहेरच्या या वसाहतीतली निम्मी पोरं असल्याच शिड्यांवर वाढतात. तिशा सगळ्यात वर होता, डोकं छताला टेकलेलं.

"असू दे गं," ग्लेब म्हणाला. "रोज चढतो. माकड आहे नुसतं."

पण आस्याला जे दिसलं ते ग्लेबला दिसलं नव्हतं. तिशाने खोलीकडे तोंड केलं होतं. हातांनी मागची दांडी धरून गुडघे पोटाशी घेतले होते, दोन्ही तळपाय खालच्या दांडीला लावले होते. उडी मारणारं पोर आधी खाली बघतं. हा खाली बघतच नव्हता. तो सरळ समोर बघत होता, तिच्याकडे. स्थानकातल्या एका खोलीतून दुसरीत जाताना ती अशीच भिंतीला पाय लावून निघायची, डोकं पुढे, हात पसरून. व्हिडिओ कॉलवर त्याने ते कितीदा पाहिलं होतं. टाळ्या पिटून पुन्हा करायला लावलं होतं.

"तिशा, थांब..."

त्याने हात सोडून पायांनी दांडी मागे ढकलली.

आस्याने भिंत सोडली. खोली कशी ओलांडली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. आठवला तो फक्त रेटा. वर असताना माणसाएवढी पेटी एका बोटाने ढकलता यायची. तिला वजन नसायचं, पण एकदा निघालेली पेटी कुणासाठी थांबत नसे. ताठ उभं राहून अडवायला गेलेल्या सोबत्याचं मनगट तिने मोडताना पाहिलं होतं. पेटीला कवेत घ्यायचं, तिच्याबरोबर मागे जायचं आणि जाता जाता थोपवायचं. तिशा छातीवर आदळला तेव्हा ती तशीच मागे गेली, त्याला धरून, पाठीवर, गालिच्यावर. खाली ती आणि वर तो.

ग्लेब धावत आला.

"दे, इकडे दे," ग्लेब गुडघ्यांवर बसला. "लागलंय का बघू दे मला."

ती देईना. तिची बोटं तिशाच्या सदऱ्यात रुतली होती. ग्लेब एकेक बोट सोडवायला गेला, सुटेना.

फडकं हातात घेऊन सासूबाई दारात उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. "अरे मेल्या, तिथून उडी मारतात का? मान मोडली असती!"

"उडी नव्हती ती," तिशा आईच्या गळ्यात तोंड खुपसून रडवेल्या आवाजात म्हणाला. "तूच म्हणालीस ना आजी, मी जड झालोय म्हणून आई मला कडेवर घेत नाही. मी हलका होऊन येत होतो."