बाळाची मूठ

दीड महिन्याच्या बाळाची मूठ आई रोज आंघोळीआधी उघडून पुसायची. सोमवारी मुठीतून तिचेच केस निघाले, लांबसडक, मुळाशी रक्त लागलेले.

"अगं, बाळंतपणानंतर केस गळतातच. एवढं काय मनावर घेतेस!" सासूबाई हसल्या.

बुधवारी पांढरे केस निघाले. सासूबाई डोक्याला टॉवेल दाबून बसल्या होत्या. टॉवेल लाल होत चालला होता.

आज मूठ काही केल्या उघडेना. तिने जोर लावून एकेक बोट सोडवलं. आत कोवळं जावळ होतं, कातडीसकट उपटलेलं, अजून कोमट.

तिने झटकन बाळाचं डोकं चाचपलं. पण ते जन्मापासून होतं तसंच तुळतुळीत होतं, आणि बाळ पाळण्यात गाढ झोपलं होतं.

तेवढ्यात पाळण्याखाली कुणाचं तरी तान्हं मूल किंचाळलं.