डोंगरापलीकडची बाग

करवत आणलेली माणसं बाजूला उभी राहून कॉफी पीत होती. लुचिया झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"लुचियाताई," नासपती बागायतदारांचा प्रमुख योहान म्हणाला, "फादरनी होकार दिलाय, बिशपांनी दिलाय. आता तुम्ही तेवढ्या राहिलात."

"मग बिशपांना सांग, मला उचलायला या म्हणावं."

माणसं हसली. योहान हसला नाही. त्याच्या बागेतल्या पानांवर दर वसंतात नारिंगी डाग पडत होते आणि फळं वाकडी होऊन गळत होती.

प्रार्थनाघराच्या अंगणातलं हे धुपाचं झाड लुचियाच्या पणजीनं लावलं होतं. पणजोबांची मान येशूच्या नावासाठी उतरवली गेली. धड घरच्यांना मिळालंच नाही. पुरायला काही नव्हतं, म्हणून पणजीनं कबरीऐवजी इथं रोप लावलं. ते भर बर्फातही हिरवं राहायचं. या भागात ताड-माड होत नाहीत, त्यामुळे ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी याच झाडाच्या फांद्यांना आशीर्वाद मिळायचा. एक फांदी घरातल्या क्रूसामागे, एक बागेत, पीक चांगलं यावं म्हणून. फांद्या तोडायचा मान लुचियाचा. त्या आठवड्यात तिचे हात ओरखड्यांनी भरलेले असायचे. बायका म्हणायच्या, म्हातारीला आता हे काम झेपत नाही. मग पाऊस झाला की झाडावरच्या तपकिरी गाठी फुगून त्यातून ओली, लिबलिबीत, नारिंगी फुलं बाहेर यायची, नेमकी ईस्टरच्या सुमारास. गाव त्यांना पुनरुत्थानाची फुलं म्हणायचं.

कालच्या पावसानं ती आजही उमलली होती.

शेवटी योहाननं इनग्यूला ग्वांगजू शहरातून बोलावून घेतलं. लुचियाचा हा एकुलता एक मुलगा. शेतकी शिकून आल्यावर एकदा मिस्साची प्रार्थना संपताच तो सगळ्यांसमोर उभा राहिला होता. ही फुलं नाहीत, म्हणाला, बुरशी आहे. हिवाळाभर ती या झाडावर राहते आणि वसंतात नासपतीवर जाते. झाड काढा, बागा वाचतील. लुचियानं तिथल्या तिथे सांगितलं होतं, "ज्याला हे झाड नको, त्याला मी नको." त्यानं डोंगरापलीकडे जमीन घेतली, इथला वारा पोचणार नाही अशी. नासपती लावल्या. आशीर्वादाची फांदी त्यानं पुन्हा कधी घरात घेतली नाही. तरीही ती बाग डागाळत गेली आणि गेल्या हिवाळ्यात त्यानं ती मुळासकट काढली. आता तो शहरात एका इमारतीच्या फाटकावर रखवालदार होता. रखवालदाराच्याच कोटात तो आला आणि आईसमोर उकिडवा बसला.

"आई, गार जमिनीवर बसू नकोस. गुडघे धरतील."

"माझे गुडघे आज आठवले होय?"

"रोज आठवतात. फोन तूच उचलत नाहीस."

तिनं त्याच्या कोटावरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. "लोकांचं फाटक उघडतोस म्हणे."

"बंदही करतो."

मग लुचियानं गावाला ठाऊक असलेला तो प्रश्न काढला. झाड तोडायचा विषय निघाला की ती हाच प्रश्न पुढे करायची, आणि त्याला उत्तर नव्हतं म्हणूनच झाड आजवर उभं होतं.

"डोंगरापलीकडे असलं एकही झाड नव्हतं. ते बघूनच तू जमीन घेतलीस. मग तुझी बाग का गेली?"

योहाननं मान खाली घातली. इनग्यूनं जमिनीवरची एक काडी उचलून मोडली.

"नाही कळलं मला," तो म्हणाला. "फवारून फवारून थकलो. वारा तिकडे जात नाही. आणि दर वर्षी सुरुवात एकाच जागेपासून. आधी वाटेकडचं पहिलं झाड, मग ती ओळ, मग सगळी बाग. कुणीतरी हातानं आणून ठेवल्यासारखं."

"वाटेकडचं पहिलं?"

"काटेरी झुडपांच्या कुंपणाला लागून होतं ते. रोग सगळ्यात जास्त त्यालाच. म्हणून आधी तेच उपटलं."

लुचियानं मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. फांद्या तिनं यंदाही तोडल्या होत्या. हातांवर एकही ओरखडा नव्हता.

मग मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली. आपल्या कोटाचं बटण चाचपत बाजूला झाली.

"कापा," ती म्हणाली.

"पटलं एकदाचं," योहान पुटपुटला आणि माणसांना त्यानं खूण केली.

इनग्यूनं तिचा दंड धरून ठेवला होता. "मनाला लावून घेऊ नकोस, आई," तो हळू आवाजात म्हणाला. "देवाचं म्हणून जपलंस. त्यात तुझी काय चूक?"

करवत सुरू झाली. अंगणभर धुपाचा वास पसरला.

मुलाची बाग उभी होती तोवर दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी, मिस्सा आटोपली की ती एकटीच डोंगर चढायची. मुलगा जेवायला घरात गेला, की त्या फांदी नाकारणाऱ्याच्या बागेवरही देवाचा हात असावा म्हणून, काट्यांत कोपरापर्यंत हात घालून, सगळ्यात जास्त गाठी धरलेली फांदी ती त्या कुंपणात खोल दडवून यायची.