अंगठा लावायचा नाही

सरावाच्या खोलीतल्या रबरी पुतळ्याला आम्ही सगळ्याजणी आजोबा म्हणायचो. चादर बदलणं, पाठ पुसणं, इंजेक्शन, सगळं आधी आजोबांवर.

त्या सकाळी नाडीची परीक्षा होती. मी आधी दोनदा नापास झाले होते. आता गचकले तर वॉर्डात नाही, थेट घरी. रबराला कुठली आलीय नाडी. बोटं बरोबर जागी ठेवायची, अर्धं मिनिट घड्याळ बघायचं आणि कागदावर शून्य लिहायचं, एवढंच काम.

मी बहात्तर लिहिलं.

"बहात्तर?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "अंगठा लावलास ना? अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, किती वेळा सांगू? तू तुझीच नाडी मोजलीस, बाई."

मुली हसल्या.

"तीन बोटंच लावली होती, मॅडम."

"सरक."

त्यांनी आजोबांचं मनगट धरलं. अर्धं मिनिट झालं, एक झालं, तरी त्या हात सोडेनात. मुलींचं हसू विरलं. मग त्यांनी तो हात अलगद चादरीखाली ठेवला, खऱ्या पेशंटचा ठेवतात तसा.

"बहात्तरच आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझा हात बघू."

त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं टेकवली. जरा वर सरकवली, मग खाली. मग दुसरा हात मागितला. तिथेही बोटं वर-खाली सरकवत राहिल्या.

शेवटी मॅडमनी अंगठा लावून पाहिला.