घाटातला ओरखडा

भिकाजी मिस्त्रीच्या हातून सायकल निसटली आणि दांडीवर वीतभर ओरखडा उठला. लाखाची सायकल! घरात उभ्या उभ्या हवा गेली म्हणून दुकानात आलेली. सहा महिन्यांत टायरवरचे रबराचे केससुद्धा झिजले नव्हते. पण चूक ती चूक. मिस्त्रीने दिवसभर माफी घोकली.

संध्याकाळी सायकलचे मालक, साहेब आले, ओरखड्यावर बोट फिरवलं आणि चक्क खुलले. “वा! आता कशी चालवल्यासारखी दिसतेय!”

लगेच त्यांनी मित्राला फोन लावला. “सकाळी घाटात पडलो रे, थोडक्यात वाचलो!” मग हळूच म्हणाले, “मिस्त्री, त्या बाजूलाही एक मारून द्या ना.”

मिस्त्रीने घोकलेली माफी तोंडातल्या पानाबरोबर गटारात थुंकली.

“साहेब, पडायला आधी सायकलवर बसावं लागतं.”