पेटके का येतात

"कारणं चार," डॉक्टरबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "पाणी कमी पिणं, एका जागी बसून राहणं, अंगातले क्षार कमी होणं, आणि पाळीत गर्भाशय आवळतं ते. पोटऱ्या असोत की ओटीपोट, आधी भरपूर पाणी प्या बरं!"

शिलाईखात्यातल्या चाळीस बायका माना खाली घालून ऐकत होत्या. दिवसभर मशीनवर काजं करणारी, म्हणून जिला सगळ्या काजूताई म्हणत, ती पोट दाबून बसली होती. पाळीचा दुसरा दिवस. त्यात काल पोटरीत असा गोळा आला की बाई स्टुलावरून खालीच कोसळली. सुपरवायझरने तिथल्या तिथे सुनावलं होतं, "डॉक्टरांनी अशक्त लिहिलं, की उद्यापासून घरी बसायचं."

"पाणी पिऊ हो मॅडम," काजूताई म्हणाली, "पण मग जायचं कुठे?"

"आहे की संडास!" सुपरवायझर खेकसला.

"आहे ना. मॅडमना दाखवते."

डॉक्टरबाईंनाही जायचंच होतं. भल्या सकाळी निघाल्या होत्या. कडी तुटलेली, म्हणून काजूताईने बाहेरून दार ओढून धरलं. आत काय आहे ते तिला पाठ होतं. चाळीस जणींत एकच भांडं, तेही काठोकाठ तुंबलेलं. नळ कोरडा. कोपऱ्यात वापरलेल्या पॅडांचा ढीग, गुंडाळलेले कागद भिजून उलगडलेले, वर माश्यांचं मोहोळ. पायाखाली चिकचिक, कशाची ते विचारूच नका. शी! सांगतानाही मळमळतं.

आतून ओकारीचा आवाज आला. काम न उरकताच डॉक्टरबाई बाहेर आल्या, नाकाला रुमाल लावून. काजूताईला बरंच वाटलं. आता ही बाई खरं काय ते लिहील, आपलं काम वाचेल.

ऑफिसात सुपरवायझरने काजूताईच्या नावाचा फॉर्म पुढे सरकवला. डॉक्टरबाईंनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘कारण: पाणी न पिण्याची सवय. अशक्तपणा.’ खाली झोकात सही.

"आणि संडासाचं, मॅडम?" काजूताईने दारातूनच विचारलं.

"त्याला यात रकाना नाही गं," डॉक्टरबाई मान वर न करता म्हणाल्या.

एवढी शिसारी काजूताईला त्या संडासातही कधी आली नव्हती.

सुपरवायझर खूश झाला. त्याने गार पाण्याचा ग्लास पुढे केला. "घ्या मॅडम."

"नको," डॉक्टरबाईंनी ग्लास बाजूला सारला. "अजून दोन तासांचा रस्ता आहे."