आई कुठे पडते

संयोगितानं पॅसेजच्या तांबड्या जमिनीवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. खोबरेल. आठवडाभर मुरलेलं, वर पायांची धूळ बसलेलं खवट खोबरेल.

"वहिनी, आईचं हाड मोडायचंच ठरवलंय का तुम्ही?"

चंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एप्रिलच्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज आणि खांद्यावरून घट्ट ओढलेला पदर. "रविवारी लावते. चमक राहते म्हणून. आईंनीच शिकवलंय," एवढं म्हणून ती आत निघून गेली.

खोटं नव्हतं ते. बसवनगुडीतल्या त्या घराची तांबड्या सिमेंटची जमीन दर रविवारी खोबरेलाच्या फडक्यानं घासायची, ही पिढ्यांची रीत. लग्नाआधी संयोगितानंही घासली होती. पण तेव्हा घरात सत्त्याहत्तर वर्षांचं माणूस नव्हतं. आता तिची आई, सकवारबाई, त्या वयाच्या होत्या, आणि अडीच महिन्यांत तीनदा पडल्या होत्या. हाडं पापडासारखी झाली आहेत, आता खुबा मोडला तर उठून बसणं विसरा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ते ऐकल्यावर राजाजीनगरचा संसार नवऱ्यावर टाकून संयोगिता माहेरी येऊन राहिली होती.

आईला व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं एक वही करायला सांगितली होती. आई कधी पडली, कुठे पडली, पायात काय होतं, निघाली कुठे होती. "उगाच कुणी पडत नाही, अक्का. कारण शोधा म्हणजे पडणं थांबेल."

संयोगितानं आईला विचारलं, भावाला, अण्णाला विचारलं आणि वही भरली. तिन्ही वेळा रविवार. तिन्ही वेळा हाच पॅसेज, अण्णा-वहिनींच्या खोलीच्या दारासमोर. बाथरूममध्ये नाही की पायरीवर नाही. रविवारी तेल आणि रविवारीच आई आडवी, आणखी काय पुरावा हवा होता?

बडा घर पोकळ वासा, म्हणतात ते हेच. आल्यागेल्याला जमिनीत तोंड दिसावं म्हणून सासूच्या जीवाशी खेळ! तिला शिसारी आली. तेलाची आलीच, पण त्याहून जास्त आली ती तोंडात मिठाची गुळणी धरून खालमानेनं वावरणाऱ्या चंदनाची.

अण्णाचं तसं नव्हतं. गिरीराजचं चिकपेटेत साड्यांचं दुकान. आठवड्यातले सहा दिवस तो तिकडेच, रविवार तेवढा घरी. "देवाची दया म्हण संयू, मी घरात असतानाच पडते ती," तो सांगत होता. "आवाज आला की मी हातातलं टाकून धावतो. मीच उचलतो." त्याचे डोळे भरून आले. मग स्वयंपाकघराकडे बघून तो म्हणाला, "स्वल्प लक्ष दे म्हणून हिला किती सांगायचं? सांगून समजत नाही."

असा भाऊ आणि त्याच्या पदरी ही असली बायको. संयोगितानं पदर खोचला.

सोड्याचं गरम पाणी ओतून तिनं पॅसेज तीनदा घासला. फडक्यावर काळा चिकट राप आला. हात चारदा धुतले तरी नखांतला वास जाईना, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मग खरखरीत पट्ट्या आणून जमिनीला चिकटवल्या. माणूस बोलावून भिंतीला आधाराची स्टीलची दांडी बसवून घेतली. अंधूक बल्ब बदलला, आईला रबरी तळाच्या चपला आणल्या. खोबरेलाचा डबा तर तिनं कपाटात कुलूपबंदच केला.

आई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. "कशाला गं एवढं?"

"पुन्हा पडलीस म्हणजे?"

"पडेन की. म्हातारं माणूस मी."

"आई, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? आता पडायचं नाही. एकदाही नाही!"

"सरी, बरं," आई म्हणाली. "तुझ्या समाधानाला कर."

रविवार आला. जमीन कोरडी ठणठणीत. जेवणं झाली, भांडी झाली. अण्णा आणि वहिनी खोलीत गेले, दार लागलं. आई दिवाणावर कलंडली. आल्यापासून पहिल्यांदाच निर्धास्त होऊन संयोगिता मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली. तिसरा टॉवेल दोरीवर टाकते तोच घरातून धडकन आवाज आला.

ती धावत आत आली. आई पॅसेजमध्ये कुशीवर पडली होती. चपला पायात होत्या, दांडी हाताच्या अंतरावर होती. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि अण्णा धापा टाकत बाहेर आला. "आई! आई गं!" त्यानं आईचं डोकं मांडीवर घेतलं, पाय चाचपला, आई कळवळली तसा तो उठला. "हलवू नकोस तिला. मी ऑटो आणतो," म्हणत अनवाणीच पळाला.

वहिनी बाहेर आली नाही. सासू जमिनीवर विव्हळते आहे आणि ही बया आत बसून! संयोगिता ताडकन उठली आणि दाराकडे वळली.

आईनं तिच्या साडीचा काठ धरला. "तिला काही बोलू नकोस."

"अजून तिचीच बाजू? आई, तेल नाही, पाणी नाही, दिवसाढवळ्या पडलीस तरी कशी?"

आई अंगणाच्या फाटकाकडे कान देऊन थांबली. फाटक लागल्याचा आवाज आला.

"पडले नाही गं. अंग टाकलं," ती म्हणाली. "मी धडकन आपटले, की तो तिला मारायचं सोडून माझ्याकडं धावतो."