घरचा नकाशा

"ही पाणंद सगळी धाकट्याच्या रानातनं दाव की. आमचं रान कशाला खातीया?" आकाराम सुनेला म्हणाले.

त्यांच्या मुलाने, राजवर्धनने, बायकोकडे पाहिलं. पाणंद आबा आणि धाकटे काका या दोघा भावांच्या मधल्या बांधावर होती. लोकांनीच मिळून काढलेल्या जगाच्या खुल्या नकाशावर त्याची बायको संयोगिता गडमुडशिंगीच्या वाटा भरत असे, आणि खोटी रेघ तिने कधी ओढली नव्हती. नाही म्हणावं, तर आबा घर डोक्यावर घेणार.

संयोगिताने वाद घातला नाही. त्या खुल्या नकाशाच्या अख्ख्या संकेतस्थळाची एक प्रत तिने लॅपटॉपवर बसवली. नवी प्रत कोरी असते, म्हणून गावापुरता तुकडा तिने त्यात भरला आणि लॅपटॉप सासऱ्यांपुढे ठेवला.

"आबा, ही सरावाची प्रत. इथं केलेलं या लॅपटॉपच्या बाहेर जात नाही. खऱ्या नकाशात वाट बांधावरच राहणार."

"ऱ्हाऊ दे की! मला भावकीलाच दावायचंय." आबांनी स्वतःच्या हाताने पाणंद ओढून भावाच्या उसात नेऊन ठेवली, आणि जेवताना एक भाकरी जास्तीची मागून घेतली.

"मानलं तुला," राजवर्धन हळूच म्हणाला. "पण काकांना कळलं तर पेटतील."

"कशाला पेटतील?" संयोगिताने दुसरा नकाशा उघडला. त्यात पाणंद आबांच्या उसातून, अगदी विहिरीला खेटून चालली होती. "त्यांची प्रत कालच बसवून झाली."